रेघेतला झोळ

त्या मुलुखात काहीही बांधायचं तर आधी ओल्या वाळूत नखाने आकृती काढावी लागे, आणि सरळ रेघ मारता येईल असं नख तिथे एकालाही नव्हतं. म्हणून आकृत्या वाचायला नेटक्या नावाचा कोळी बसवला होता. रेघ जराशी वाकडी दिसली की तो ती सरळ करी, चुकलेली टोकं जुळवी आणि आपल्या धाग्यांनी स्वच्छ नकाशा विणून देई. नकाशाबरहुकूम सुतारपक्षी बांधकाम करत. नेटक्याची चूक काढायची काय बिशाद कुणाची!

एकदा ओढ्याला पूर आला आणि खारीची पिल्लं पलीकडच्या बाभळीवर अडकली. खार धापा टाकत आली. तिने वाळूत दोन झाडं काढली आणि मधे एक रेघ. रेघ मधोमध खाली उतरली होती.

"बिचारीचा हात थकलाय," असं म्हणून नेटक्याने रेघ ताणून सरळ केली. सुतारपक्ष्यांनी सरळसोट बांबू आडवा टाकला. वाऱ्याच्या पहिल्याच झपाट्यात तो कडाडून मोडला.

खारीने पुन्हा तीच आकृती काढली. नेटक्याने पुन्हा सरळ केली. सवय जाते का कुठे! तोही बांबू वाहून गेला. पाणी आता बाभळीच्या खालच्या फांदीला लागलं होतं, आणि खारीचा जीव टांगणीला.

तिने परत रेघ काढली, तेव्हा मात्र नेटक्याचे आठही पाय थबकले. थकलेला हात दर वेळी वेगळीकडे घसरतो. मग ही रेघ दर वेळी तिथेच, तेवढीच कशी उतरते? आकृती काढणाऱ्याला काही विचारायची त्या मुलुखात रीतच नव्हती. पण कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना.

"खारूबाई, ही रेघ इथे खाली का येते हो?"

"अहो भाऊ, ती वेल आहे!" खार रडकुंडीला आली. "दोन टोकांना बांधली की मधे झोळ पडणारच. बांबू नकोच होता मला."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"काढून दाखवलं होतं की!"

जशी होती तशी रेघ नेटक्याने नकाशात उतरवली. सुतारपक्ष्यांनी वेल बांधली. वाऱ्याने ती हेलकावत राहिली, पण तुटली नाही, आणि पिल्लं एकेक करून आईला येऊन बिलगली.

ती वेल जवळून बघायला म्हणून नेटक्या दोन फांद्यांना बांधलेल्या आपल्याच धाग्यावरून पुढे सरकला. मधोमध आला, तर त्याच्या भाराने धागा खाली वाकलेला. सवयीने त्याने तो ताणायला पाय उचलला, आणि तसाच अधांतरी धरून ठेवला.