खारट आमटीचा अहवाल

लोकसभेला पक्षाचं पार पानिपत झालं, म्हणून अध्यक्ष तात्यासाहेबांनी मंगल कार्यालयात चिंतन बैठक घेतली. पाच पुढाऱ्यांच्या समितीनं अहवाल वाचला: पक्षाचं काही चुकलं नाही, मतदारच चुकले. टाळ्या पडल्या. दारात उभ्या रखमाजी आचाऱ्याचं डोकं तापलं. तीस वर्षं त्यानं याच पक्षाला मत दिलं होतं, या खेपेला मात्र दिलं नव्हतं. जेवणं वाढताना त्यानं तात्यासाहेबांच्या वाटीत चमचाभर मीठ जास्तीचं घातलं.

पहिल्याच घोटाला तात्यासाहेब ओरडले, "आमटी खारट आहे!"

"नाही साहेब, तुमची जीभ चुकतेय," रखमाजी म्हणाला. "आम्हा पाच आचाऱ्यांची समिती बसली होती. आमटी उत्तम असल्याचा अहवाल आहे."

तात्यासाहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. "बरं, खरंच बिघडली तर तुला कळतं कसं?"

"पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी बघतो. ज्यानं पानात टाकलं, त्यालाच जाऊन विचारतो."

तात्यासाहेबांनी गाडी मागवली. "सगळ्यात कमी मतं पडली, त्या गावापासून सुरुवात करू. रखमाजी, तूही चल."

"आणि समिती, साहेब?"

"तिला जेवू दे. अशीच आमटी वाढ."