दुधीच्या पानाची साक्ष

गारांनी खालची आळी झोडपून काढली. गोजराक्काच्या छपराची तर चाळणच झाली, आणि घरात लेक बाळंतीण. गावाची रीत अशी, की गारांनी ज्याचं घर फोडलं त्याला देवळामागे रचलेली कौलं द्यायची.

पण वरच्या आळीतले इनामदार बापूसाहेब सकाळीच पारावर येऊन बसले. "माझंही छप्पर गारांनी फोडलंय. कौलांवर पहिला मान माझा!"

गोजराक्काच्या मनात पाल चुकचुकली. वरच्या आळीत गार पडल्याचं कुणीच बोललं नव्हतं. "चला, बघू तरी," ती म्हणाली. गाव तिच्या मागे निघालं.

इनामदारांच्या छपरावर मोरीच्या पाण्यावर पोसलेला दुधीचा वेल पसरला होता. आक्कानं शिडीवर चढून एक पान उचललं. खालचं कौल फुटलेलं, पानाला मात्र साधं भोकही नाही.

"देवाचा कोप!" इनामदार गरजले. "गारेला कोण अडवणार?"

"कुणीच नाही," आक्का शिडीवरूनच म्हणाली. "पण बापूसाहेब, आमच्याकडे गारा आभाळातून खाली पडल्या. तुमच्याकडे माजघरातून वर गेल्या का?"

तेवढ्यात माजघराच्या दारात टेकवलेला लांब बांबू कुणीतरी घाईघाईनं आत ओढला.