गुणाजी तात्यांना धुऊन आणतो

एका गावात एक भोळा आचारी होता. नाव गुणाजी. गुण मात्र नावातच संपले होते. गावच्या वृद्धाश्रमात तो स्वयंपाक करायचा.

आश्रमात तात्या मोहिते होते. त्यांच्या किडन्यांनी राजीनामा दिलेला. तालुक्याला नेऊन डायलिसिस करायचं, पाणी घोटभर प्यायचं, आणि जेवण बेतानं.

आश्रम सांभाळणाऱ्या शेवंताताईंनी गुणाजीला बजावलं, "तात्यांच्या बटाट्याच्या फोडी आधी उकळ. पाणी फेकून दे. मग भाजी कर."

"बरं."

भाजी झकास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजीनं चहा उकळला, पाणी मोरीत ओतलं आणि पत्तीचा गोळा बशीत वाढला.

"गुण्या, हा चहा आहे का म्हशीचं आंबोण?" तात्या ओरडले.

ताई धावत आल्या. "अरे शहाण्या, उकळल्यावर चोथा फेकायचा आणि पाणी द्यायचं!"

"असं होय! आत्ता कळलं."

दुपारी गुणाजीनं बटाटे उकळले. फोडी शेळीला घातल्या. पाणी तांब्याभर तात्यांच्या हातात दिलं. तात्या आधीच तहानलेले. तांब्या ओठाला लागणार, तेवढ्यात ताईंनी झडप घातली.

"बटाट्यातलं नको ते सगळं या पाण्यात उतरतं! मारतोस का म्हाताऱ्याला?"

"चोथा फेकला की, ताई."

ताईंनी कपाळाला हात लावला. "तू चुलीपाशी फिरकूच नकोस. उद्या तात्यांना डायलिसिसला ने. आणि ऐक, त्यांच्या डाव्या हाताची नस डायलिसिससाठी खास तयार केलीय. त्या हाताला कुणालाही हात लावू देऊ नकोस. बीपीचा पट्टा नाही, इंजेक्शन नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर सुई घेऊन आली. गुणाजीनं तात्यांचा डावा हात आपल्या काखेत दाबून धरला.

"उजवा घ्या."

"अहो, सुई याच हातात घालायची असते!"

"कुणालाही म्हणजे कुणालाही. ताईंचा हुकूम."

तात्यांचे पाय सुजलेले, श्वास लागलेला. "सोड की रे मुडद्या! मला मशीनवर घेऊ दे, नाहीतर थेट तिरडीवरच घे!"

शेवटी सिस्टरनं ताईंना फोन लावला. ताई कडाडल्या, "गुणाजी, हात सोड! तिथली माणसं सांगतील ते मुकाट्यानं ऐक. वाद घालू नकोस. तात्यांचं रक्त नीट धुऊन झालं की घेऊन ये."

गुणाजीनं हात सोडला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. तात्या मशीनवर गेले आणि शांत झोपले.

चार तासांनी दार उघडलं. वॉर्डबॉयनं चाकाच्या खुर्चीवरून एक आजोबा आणले. "झालं यांचं. न्या."

"अहो, मी तुमचा नाही!" आजोबा म्हणाले. "माझा मुलगा चहाला गेलाय!"

"तात्या, इथं वाद घालायचा नाही," गुणाजी म्हणाला आणि त्यांना उचलून गाडीत घातलं.

आश्रमाच्या दारात ताई कानाला फोन लावून उभ्या होत्या. फोनमधून, तालुक्यालाच राहिलेल्या तात्यांच्या शिव्या बाहेर ऐकू येत होत्या. गाडीचं दार उघडलं. आतले आजोबा अजून "मी तुमचा नाही!" म्हणून ओरडत होते. तात्यांच्या झुपकेदार मिशा साऱ्या पंचक्रोशीला माहीत, आणि हे गृहस्थ सफाचट.

"गुणाजी! अरे हे कोण?"

"तात्याच की!"

"आणि मिशा?"

गुणाजीनं कपाळावरचा घाम पुसला.

"ताई, चार तास धुतलंय त्यांना. मिशा टिकतील होय?"