हरबा सणगराची न धुतलेली घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, नक्की किती ते विचारू नका, मोजणारी माणसंच उरली नाहीत, घाटाच्या पायथ्याला हरबा सणगर राहायचा. सणगर म्हणजे लोकरीची घोंगडी विणणारा. आणि हरबाची घोंगडी, काय सांगू महाराजा! रिठ्याच्या सात पाण्यांनी धुतलेली लोकर, दुधासारखी पांढरी. खाली सपाटीवर ऊन रणरणतं, तिथली माणसं पातळ सुती कापड नेसायची. पण थंडी पडली की त्यांनाही हरबाचीच घोंगडी हवी. मळक्या लोकरीला तो हात लावत नसे. भारी ताठा होता गड्याला!

त्याची एकुलती एक लेक मंजुळा घाटमाथ्यावर मेंढपाळांच्या घरी दिली होती. तिथं झड लागली की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. पहिलं लेकरू तिनं आषाढात गमावलं, गारठ्यानं. हरबा भेटायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबा, तुमची घोंगडी पाणी पिते. लेकरू तिच्यातच भिजलं."

हरबा खाली मान घालून घाट उतरला.

पुढच्या वर्षी मंजुळाला पुन्हा दिवस गेले. श्रावणात बाळंत व्हायची होती. हरबाला घास गोड लागेना, माग बंद पडला. एकदा वळवाच्या सरीत दारातली मेंढी भिजत उभी होती. सर गेली, तिनं अंग झाडलं. हरबानं तिच्या लोकरीत बोटं खुपसली. आत कोरडं ठाक, आणि बोटांना तेल.

"अरे देवा, हे तेल पाणी अडवतं," तो म्हणाला, "आणि मी जन्मभर तेच धुऊन टाकलं!" आणि कपाळावर हात मारून ढसाढसा रडला.

मग त्यानं न धुतलेली लोकर कातून घेतली आणि मागावर चढवली. गावभर वास सुटला. "हरबाबा, घोंगडी विणताय का बोकड?" बाया नाकाला पदर लावून हसायच्या.

"हसा गं, हसा. नातवंड जगलं की मीही हसेन," हरबा म्हणायचा.

श्रावणात तो भर झडीत घाट चढला. वर पोचला तेव्हा वाऱ्यानं झोपड्या उडाल्या होत्या आणि मंजुळाला कळा लागल्या होत्या. तीन काठ्या रोवून घोंगडीची तीन टोकं बांधली. चौथी काठी खडकात शिरेना. हरबानं ते टोक हातात धरलं.

लेकरू झालं, मुलगी! तिच्यावर थेंब पडला नाही. असं म्हणतात, त्या घोंगडीखाली आधी बाळंतीण मावली, मग मेंढपाळांचा सगळा तळ मावला, मग कोकरं, तरी जागा उरलीच. "आबा, आत या ना," मंजुळा विनवायची. "धरलंय गं पोरी, तू नीज," बाहेरून आवाज यायचा. तीन दिवस झड चालली. चौथ्या दिवशी ऊन पडलं. टोक ताणलेलंच होतं, पण धरणारा कुठं दिसेना. असं म्हणतात, लोकांनी सारा माथा पालथा घातला, पण हरबा काही सापडला नाही.

आजही त्या माथ्यावर बाळ जन्मलं की न धुतलेल्या लोकरीची घोंगडी ताणतात. तीन टोकं बांधतात, चौथं बाळाच्या आईचा बाप धरतो. तो हयात नसला तर टोक मोकळं सोडतात आणि बाळंतीण म्हणते, "आबा, धरा." बाहेर वारा कितीही असो, ते टोक फडफडत नाही, असं म्हणतात.