ट्रकभर बाजा

गावातल्या समद्या दुकानांसारखा हौसाक्काच्या दुकानाचाबी हिशेब शहरातनं आलेल्या गुलाबशेटच्या क्लाउडवर, म्हंजी त्याच्या कॉम्प्युटरात, आन् त्याचंबी दुकान तिच्या समोरच! अक्काचं जे खपायचं, तेच दुसऱ्या दिशी शेटकडं स्वस्त. अक्काचं दुकान बुडायला आलं. माझं टाळकं सणकलं, पारावर त्याची गचांडीच धरली.

"देवाशपथ, तुमचा हिशेब मी बघत नाही!" शेट म्हणाला.

अक्का घरी गेली आन् हिशेबात रोज झोपायच्या लाकडी बाजा विकल्याचं टाकाय लागली.

आठवड्यात शेटनं ट्रकभर बाजा उतरवल्या! आरं, भैरोबाचा मान म्हणून आमचं आख्खं गाव भुईवर झोपतं!

शेट पारावर बोंबलत आला, "अक्का, खरं सांग, एक तरी बाज विकलीस का?"

"न्हाय. पर विकली म्हणून तुला कुणी सांगितलं रं?"

सांजच्याला त्याच्या क्लाउडवर गावचं एकबी दुकान उरलं न्हाय.