ठिणगीच्या अकरा गाण्यांची गोष्ट

शिडाच्या होड्यांना नुकतीच इंजिनं बसू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. हिराजी तांडेलाच्या होडीत ठिणगी आणि समई या दोन बॅटऱ्या शेजारी राहायच्या. ठिणगीनं एक दणका दिला की इंजिन सुरू! मग दिवसभर तिला आराम. समई मात्र दिवे, पंखा, रेडिओ सगळं संथपणे चालवायची.

नारळी पौर्णिमेला होडी नटली, तांडेलीण आणि आत्याबाई नटून होडीत चढल्या, भोंगा आला, आणि ठिणगीच्या अंगात आलं.

"आज मीच गाणार!"

"अगं, तुझा जीव एका दणक्याचा," समई म्हणाली.

"ताई, तुला गाण्यातलं काय कळतंय?"

समई झेंडूच्या माळांखाली गाडली गेलेली, म्हणून घाईत तांडेलानं भोंगा ठिणगीलाच जोडला. मग काय विचारता! नारळ दर्याला अर्पण होईपर्यंत ठिणगीची अकरा गाणी झाली. नांगरसुद्धा डुलायला लागला.

तेवढ्यात वारा पडला. शीड लोंबलं आणि पाण्याची ओढ होडीला खडकांकडे नेऊ लागली. तांडेलानं चावी फिरवली.

"टक्," ठिणगी म्हणाली. पुन्हा "टक्." आवाजच बसला होता!

शेवटी तांडेलानं वल्ह्यानं, तांडेलणीनं परातीनं आणि आत्याबाईंनी टोपाच्या झाकणानं पाणी मारत होडी कशीबशी वाचवली.

पुढच्या वर्षी अकराही गाणी समईनं म्हटली. ठिणगी गप्प बसून ऐकत होती. पुन्हा वारा पडला, चावी फिरली.

"धडाड!"

"वन्स मोअर!" समई ओरडली.

"नाही हं, ताई," ठिणगी ऐटीत म्हणाली, "आपली मैफल एवढीच."