सात घरांची गल्ली

विणकरांच्या एका गावी एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. त्यांच्या एका शिष्याने लहानसा पक्ष काढला होता. निवडणुकीआधीच्या जनमत चाचण्यांत त्या पक्षाचा टक्का वाढत वाढत अठरावर गेला. वर्तमानपत्रांत शिष्याचे छायाचित्र झळकू लागले. प्रत्यक्षात मते सहा टक्के पडली आणि जागा एकही मिळाली नाही.

निकालानंतर दोन दिवस पक्षाच्या कार्यालयात कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी शिष्य गुरुजींकडे आला.

"लोक चाचणीत खोटं बोलले, गुरुजी."

गुरुजी त्याला घेऊन शेजारच्या सात घरांच्या गल्लीत गेले. पहिल्याच दारात काशिनाथ दिवटे शिष्याला पाहून ओशाळून म्हणाले, "चाचणीत मी तुमचंच नाव सांगितलं होतं. पण इथं तुमच्या बाजूचं दुसरं कोणी दिसेना. मत वाया जाईल म्हणून दुसरीकडे दिलं." पलीकडच्या अनसूयाबाईंनी खालच्या आवाजात तेच सांगितले. सातही घरी तेच ऐकायला मिळाले. गुरुजी प्रत्येकाला एवढेच म्हणाले, "उद्या चार वाजता चहाला या."

"निवडणूक तर संपली," शिष्य म्हणाला. "आता यांना बोलावून काय उपयोग?"

गुरुजी घरी परतून कप मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी एकेक जण आला आणि आधी आलेल्यांना पाहून दारातच थबकला. चहा झाल्यावर गुरुजींनी विचारले, "चाचणीत याचं नाव कोणी कोणी सांगितलं होतं?"

 आधी अनसूयाबाईंचा हात वर गेला. हळूहळू सातही हात वर झाले.

"वहिनी, आपल्या दोन घरांत एकच भिंत," काशिनाथ म्हणाले. "कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

सगळे गेल्यावर गुरुजी म्हणाले, "खोटं कोणीच बोललं नाही. चाचणीने या सातांना कागदावर एकत्र आणलं, पण ते एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मतदानाला प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असं समजून गेला, आणि एकटा माणूस गर्दी दिसेल तिकडे वळतो. या गल्लीत तू आधी कधी आला होतास?"

"काल. तुमच्याबरोबर."

 मतदारसंघात अशा गल्ल्या किती, हेही शिष्याला ठाऊक नव्हते. अखेर त्याने विचारले, "नदीपलीकडच्या वस्तीत तुमच्या ओळखीचं कोणी आहे का, गुरुजी?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "तिथे तुला एकट्यालाच जावं लागेल."

शिष्य उठला आणि त्याने चपला पायांत सरकवल्या.